उखाण्याला उखाणा

दापोडीत रेल्वेरुळांच्या कडेला जी दाट वस्ती आहे, तिथं एके काळी कुणाचंही लग्न असो, बारसं असो की डोहाळजेवण, मुद्रिका लोमटेला बोलावणं जायचंच. बाई पुढारी नव्हती की गाणारी नव्हती. ती नाव घ्यायची. आता नाव काय, सगळ्याच बायका घेतात. कुणाकडून तरी पाठ केलेला चांदीच्या ताटाचा नि सोन्याच्या वाटीचा उखाणा म्हणतात, लाजतात आणि सुटतात. मुद्रिकाची गोष्टच निराळी. ती उभ्या उभ्या जुळवायची. समोर कुकर दिसला तर कुकर, गल्लीत गटाराचं काम चाललेलं असलं तर गटार, आणि शेवटी नवऱ्याचं नाव असं नेमकं आणून बसवायची की बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या. एकदा तिनं घेतलं होतं,

"कंपनीच्या गेटावर माणसांची रांग,
अर्जुनरावांची शिफ्ट कुठली, सायबा, आधी मला सांग."

अर्जुनराव म्हणजे तिचा नवरा. भोसरीतल्या एका कारखान्यात लेथवर होता. त्या वेळी तो दाराबाहेर चपलांच्या ढिगापाशी उभा होता. आपण ऐकलंच नाही असा चेहरा करून तो मोबाइलमध्ये बघत राहिला, पण त्याचे लाल झालेले कान सगळ्यांनी पाहिले. घरी आल्यावर म्हणाला, "उद्या खरंच सायबानं ईचारलं तर काय सांगू?" ती म्हणाली, "सांगा, बायकोला ईचारा." धाराशिवकडची माणसं ती, दोघंही बोलायला खमंग.

त्यांची मुलगी दिव्या तिसरीत असताना अर्जुन गेला. चाकणला एका नव्या नोकरीची चौकशी करून मोटरसायकलवर परत येत होता, हायवेवर कंटेनरनं उडवला. माणूस गेल्याचं दुःख सगळ्यांना कळतं, त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मुद्रिकाच्या वाट्याला त्याच्या जोडीनं आणखी एक दुःख आलं, ते मात्र कुणाच्या ध्यानातच आलं नाही. विधवा बाईनं नाव घ्यायचं नसतं. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही आणि गल्लीतल्या कुणी तिला तोंडावर सांगितलंही नाही. संक्रांतीला शेजारच्या घरात हळदीकुंकू झालं, वाण वाटलं गेलं, आणि मुद्रिकाच्या दारावरून बायका हळूच चपला न वाजवता गेल्या. पुढं एका लग्नात एक नवखी सून म्हणाली, "काकू, तुम्ही घ्या ना, तुम्ही फार छान घेता म्हणतात." सगळा मांडव गप्प झाला. मुद्रिकाच "नको गं, भात बघते," म्हणून आत गेली आणि त्यानंतर कुठल्याही कार्यात ती स्वयंपाकघराच्या बाहेर आली नाही.

पोटासाठी तिनं चाकणला नोकरी धरली. गाडीच्या आत जी वायरींची जाळी असते, ती बांधायची कंपनी. भल्यामोठ्या फळीवर रंगीबेरंगी वायरी खिळ्यांमधून ओवायच्या आणि त्यांना टेप गुंडाळायची. सगळी लाइन बायकांची. हात आपोआप चालतात, डोकं रिकामं राहतं. आणि मुद्रिकाच्या रिकाम्या डोक्यात उखाणेच यायचे. नवरा गेला म्हणून ते थोडेच थांबणार? निळ्या वायरीवर यायचे, टेपच्या रिळावर यायचे, सुपरवायझरच्या टकलावर यायचे. प्रत्येकाच्या शेवटी अर्जुनराव. जुळलं की तिला हसू फुटायचं आणि लगेच आठवायचं, हे सांगायचं कुणाला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग टिकटॉक आलं. दिव्या तोवर सातवी-आठवीत गेली होती. तिनं आईच्या फोनमध्ये ते टाकून दिलं आणि एका रविवारी, आई भाकरी थापत असताना, सहज फोन समोर धरून म्हणाली, "मम्मी, पप्पांचं नाव घे ना. मी कधी नीट ऐकलंच नाही." पोरीनं बापाचं नाव आईच्या तोंडून ऐकलं नव्हतं, हे मुद्रिकाच्या तेव्हा लक्षात आलं. पिठाचे हात तसेच ठेवून ती म्हणाली,

"कपाळ झालं मोकळं, हात झाले रिते,
अर्जुनराव नसले तरी नाव त्यांचंच घेते."

खाटेवर बसलेल्या सासूबाई, इंदुताई, चवताळून उठल्या. "मेलेल्या मानसाला हाका मारू नये गं! त्याला जाता येत न्हाई. माझ्या लेकाला अडकवून ठेवतीस का?" इंदुताई स्वतः तरुणपणी विधवा झालेल्या. त्यांनी मालकाचं नाव त्यानंतर तोंडातून काढलं नव्हतं. मुद्रिका घाबरली, म्हणाली, "दिव्ये, पूस ते." पण पोरीनं ते आधीच टाकून दिलं होतं.

दोन दिवसांत तो व्हिडिओ कुठच्या कुठं गेला. शिव्याही आल्या, काही कमी नाही. 'हिला लाज नाही', 'संस्कृती बुडवली', असं लिहिणारे पुरुषच जास्त. पण त्याच्याबरोबर दुसरं एक सुरू झालं. त्या ॲपमध्ये सोय होती, पडद्याचे दोन भाग करायचे, एका अंगाला पहिलीचा व्हिडिओ आणि दुसऱ्या अंगाला आपला. ड्युएट म्हणायचे त्याला. पोरंपोरी त्यावर नाच करायची. मुद्रिकाच्या व्हिडिओशेजारी बायका येऊन बसायला लागल्या. मोकळ्या कपाळाच्या. एक नांदेडची, एक गडहिंग्लजची, एक अशी म्हातारी की तिला नातवानं धरून बसवलं होतं. मुद्रिका तिच्या नवऱ्याचं नाव घ्यायची आणि शेजारच्या अर्ध्या पडद्यात ती बाई तिच्या नवऱ्याचं. उखाण्याला उखाणा. ज्यांना कुठल्या हळदीकुंकवाला बोलावणं जात नव्हतं त्यांनी आपलं हळदीकुंकू त्या काचेच्या तुकड्यात मांडलं.

शिकलेल्या लोकांनी या ॲपला काय काय नावं ठेवली ते सगळ्यांना माहीत आहे. अडाण्यांचा बाजार, थिल्लरपणा, वेळ घालवायचा धंदा. असेलही. मुद्रिकाच्या घरमालकांची मुलगी ऋता वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती, तीसुद्धा जिन्यात हसून म्हणाली होती, "मुद्रिकाताई, तुम्हीपण?" मला विचाराल तर ज्यांना बोलायला दहा जागा असतात, त्यांनी एकच जागा असलेल्याला हसू नये.

त्या बायकांत एक होती वासंती. जालन्याकडची, एकदम कोवळी पोर. नवरा विहिरीच्या कामावर असताना वारला, पदरात बारकं लेकरू. तिच्या पहिल्या ड्युएटमध्ये ती काही बोललीच नाही. गोठ्यात बसून मुद्रिकाकडं बघत राहिली, मागं शेळी ओरडत होती. मग पुढच्या वेळी पहिली ओळ बोलली आणि नावापाशी येऊन थांबली. असं पुन्हापुन्हा झालं. नवऱ्याचा जुना फोन ती दुपारी सासरच्यांची नजर चुकवून गोठ्यात न्यायची. एकदा ती बारीक आवाजात म्हणाली, "ताई, मला सकाळी उठूच नये असं वाटतंय."

मुद्रिकानं ताट बाजूला सारलं. तिनं लगेच फोन भिंतीला टेकवून उभा केला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "ऐक वासंती. उद्यापासून रोज मी एक घेनार आन् तू एक घ्यायचीस. निम्मा घेतलास तरी चालंल. पन खाडा करायचा नाही." कंपनीतल्या बाईची भाषा ती. वासंतीनं खाडा केला नाही. रोज दुपारी गोठा, शेळी, अर्धा उखाणा. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर काहीतरी परतायला लागलं. एकदा तर ती चक्क हसली, आणि मुद्रिकानं तो व्हिडिओ इंदुताईंना दाखवला. म्हातारी बराच वेळ बघत होती. या खेपेला तिनं शिव्या दिल्या नाहीत.

आता इथं मुद्रिकाची एक गोष्ट सांगायलाच हवी. बाई सावध होती. एकट्या बाईचा नंबर बाहेर गेला की काय होतं ते तिनं भोगलं होतं. म्हणून ती सगळ्या बायकांना सांगायची, "गावाचं नाव टाकू नका, नंबर तर कुनालाच देऊ नका, मला सुद्धा नाही. मी तरी कोन हाय ते तुमाला काय ठाव?" वासंतीनं आधी आपल्या नावाखाली गावाचं नाव टाकलं होतं. ते नीट वाचूनही न घेता मुद्रिकानंच तिला काढायला लावलं. वासंतीनं लगेच काढलं. ताई सांगतात म्हणजे बरोबरच असणार.

कोरोनाचं साल. टाळेबंदीनंतर कंपन्या अर्ध्या माणसांवर सुरू झाल्या होत्या. नाशिक फाट्यावरून कंपनीची बस निघायची, एका बाकावर एकच बाई, तोंडाला मास्क. जूनच्या मध्याला सीमेवर चिन्यांशी झालेल्या झटापटीत आपले जवान मारले गेले होते, आणि महिना संपता संपता एका सकाळी बसमध्ये एकच विषय होता. चिनी ॲपवर बंदी आली, टिकटॉक बंद होणार. कुणी म्हणालं, बरं झालं. कुणी म्हणालं, अशा बातम्या रोज येतात, होत नाही काही. मुद्रिकानं फोन उघडून बघितला. चालू होतं. आणि वासंतीचा व्हिडिओ येऊन पडला होता.

गोठा तोच. पण वासंतीनं केस विंचरले होते. तिनं श्वास घेतला आणि म्हणाली,

"बांधावरच्या बोरीला बोरं लागली गोड,
गणराजरावांच्या मायेला नाही कशाची तोड."

पूर्ण. नावासकट. मग घाबरून इकडंतिकडं बघितलं, फोनजवळ आली आणि कुजबुजली, "ताई, बरोबर घेतलं का?"

मुद्रिका बसमध्ये मास्कच्या आत रडली. पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली तेव्हा तिनं फोन पदराखाली घेतला. आता एक बदामाचं चित्र दाबलं असतं तरी वासंतीला कळलं असतं. नाही दाबलं तिनं. उखाण्याला उत्तर उखाण्यानंच द्यायचं असतं, ही तिची रीत. पोरीनं मालक गेल्यावर पहिल्यांदा त्याचं नाव घेतलंय, त्याला बसमध्ये बसून अंगठा दाबायचा नि मोकळं व्हायचं? ती काय आल्यागेल्याची टवाळी आहे? घरी जाऊ, हातपाय धुऊ, अर्जुनरावांच्या फोटोसमोर बसून नीट घेऊ. संध्याकाळी निवांत. असं तिनं ठरवलं, आणि तिच्या जागी तिच्यासारखी कुठलीही बाई असती तरी तिनं हेच ठरवलं असतं.

गेटवर फोन काढून लॉकरमध्ये ठेवायचे, कंपनीचा नियम. मुद्रिकानंही ठेवला. दिवसभर तिचे हात फळीवर आणि डोकं वासंतीच्या उत्तरावर. दुपारच्या जेवणाआधीच उखाणा जुळला आणि असा जुळला की तिचं तिलाच कौतुक वाटलं. सुटी झाल्यावर लॉकरमधून फोन घेतला, बसमध्ये बसता बसता ॲप उघडलं, आणि पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. बाकी पांढरं. तिनं बंद करून पुन्हा उघडलं. फोनच बंद करून चालू केला. घरी येईपर्यंत ती तेच करत होती. दिव्यानं वाचून सांगितलं, "मम्मी, सरकारनं सांगितलंय म्हणून बंद केलंय. आता नाही उघडणार."

"आन् वासंती?"

दिव्यानं फोन आईच्या हातात परत दिला.

इंदुताई खाटेवरून म्हणाल्या, "बरं झालं. आता तरी सुटंल माझा लेक." म्हातारीच्या मनात काही वाईट नव्हतं, पण त्या दिवसापासून मुद्रिका सासूशी कामापुरतंच बोलायला लागली.

आठवडाभरात तिच्या धाकट्या भावाचा, धनेशचा फोन आला. धनेश फौजेत, तेव्हा वर बर्फात कुठंतरी. बायकोपोरं दिघीला भाड्यानं राहायची. बहिणीचा आवाज ऐकून त्यानं विचारलं, काय झालं. तिनं सांगितलं. तो म्हणाला, "अक्का, आमची पोरं गेली इथं. मी त्यांना खांदा दिलाय. कोन कुठं ऱ्हातं, कुनाचा भाऊ कुठं हाय, समदं त्या फोनातून तिकडं जातंय. आन् तुला व्हिडिओचं पडलंय?"

"तुझं बरोबर हाय रे," ती म्हणाली. आणि ते तिनं तोंडदेखलं म्हटलं नव्हतं. तिला खरंच ते बरोबर वाटत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावलं तरी ओरडायचं कुणाच्या नावानं?

जिन्यात हसलेली ऋता आता एकदम गंभीर होऊन वर आली. तिच्या मनात काहीतरी लागून राहिलं असावं. ती मुद्रिकाच्या घरात खाली सतरंजीवर बसली आणि समजावून सांगायला लागली. "ताई, ते ॲप परक्या देशातल्या कंपनीचं. आपल्या घटनेनं बोलण्याचं स्वातंत्र्य दिलंय ते नागरिकांना, त्या कंपनीला नाही. पण तुम्हाला आहे. सरकारला ते थोपवता येतं, देशाच्या सुरक्षेसाठी येतंच. पण किती थोपवायचं, का थोपवायचं, दुसरा काही मार्ग होता का, हे कोर्टाला तपासता आलं पाहिजे. इथं एका फटक्यात सगळ्यांचं तोंड बंद. सुक्याबरोबर ओलंही जाळलं. माझ्या वकील सरांना कोर्टात अर्ज करायचाय, पण त्यांना अशी बाई हवी की जिचं बोलणं खरंच गेलंय. तुम्ही उभ्या राहाल?"

मुद्रिकानं सगळं मन लावून ऐकलं. मग विचारलं, "कोर्टानं एक दिवस उघडून दिलं तर चालंल का? एक तास बी पुरे. मला एका पोरीला जबाब द्यायचाय."

"तसं नसतं ना ताई. एक तर बंदी चूक म्हणायचं, नाहीतर बरोबर."

"मला दोन्हीतलं काहीच म्हनायचं नाही."

ऋता कावली. "मग तुमच्यासारख्यांसाठी बोलायचं कुणी? तुमचं गेलंय ना? का तुमच्या हक्काला काही किंमतच नाही?"

"हाय की. पन माझं नाव पेपरात येनार, आन् माझा भाऊ तिथं वर. त्याच्या बराकीत पोरं त्याला काय म्हनतील?" मुद्रिका उठून चहा ठेवायला गेली. चहा घेऊन आली तेव्हा ऋताचे डोळे भरलेले होते, रागानं की कशानं ते कळलं नाही. सही झाली नाही. पुढं ऋता नोकरीला दिल्लीला गेली. दोघीही आपापल्या जागी खऱ्या होत्या, आणि त्याचा वासंतीला काडीचा उपयोग नव्हता.

दिव्यानं आईला दुसऱ्या ॲपवर खातं काढून दिलं. तिथं नटव्या पोरी, हॉटेलं आणि डोंगर. मुद्रिकानं दोनतीनदा उखाणा घेतला, 'वासंती, हा तुझ्यासाठी' असं म्हणून. कुणी उत्तर दिलं नाही. नांदेडची बाई सापडली नाही, गडहिंग्लजची सापडली नाही, म्हातारी तर आता असेल की नाही कोण जाणे. मुद्रिकानं नाव घेणंच सोडलं. डोक्यात ओळी यायच्या त्या ती परतवून लावायची, कारण प्रत्येक ओळीच्या मागं तो एक न दिलेला जबाब उभा राहायचा.

एक मात्र तिनं सोडलं नाही. चाकणच्या कंपन्यांत ठेकेदारामार्फत पोरी येतात त्या अख्ख्या महाराष्ट्रातून. नवी तुकडी आली की मुद्रिका जेवणाच्या सुटीत त्यांच्यात जाऊन बसायची. "जालन्याकडची हायस का गं? तिकडं वासंती म्हनून कुनी ठाव हाय का? नवऱ्याचं नाव गणराज, विहिरीवर गेला. एक बारकं पोरगं." पोरी माना हलवायच्या. जालना जिल्हा काय एवढासा आहे? लाइनवरच्या जुन्या बायका हसायला लागल्या, 'मुद्रिकाची वासंती' म्हणून थट्टा सुरू झाली. ती हसण्यावारी न्यायची. बंदीला वर्षं लोटली, दिव्या बारावी झाली, लोक ते ॲप विसरूनही गेले. मुद्रिका विचारत राहिली.

अपेक्षा नावाची पोरगी अशीच एका उन्हाळ्यात लाइनवर आली. अंगानं किडकिडीत, कुणाशी न बोलणारी. कँटीनमध्ये मुद्रिका तिच्यासमोर ताट घेऊन बसली आणि तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. अपेक्षाचा हात ताटातच राहिला.

"तुम्ही कोन?" तिनं विचारलं.

"मी मुद्रिका."

"त्या नाव घेनाऱ्या?"

मुद्रिकानं मान हलवली. अपेक्षा तिच्याकडं बघत राहिली, आणि त्या बघण्यात माया नव्हती. "वासंती माझी ताई. सख्खी. तुम्ही तिला असं एकाएकी का सोडलं हो?"

"मी नाही गं सोडलं! सरकारनं बंद केलं ते. समद्यांचंच बंद झालं त्या दिवशी."

"ते मला ठाव हाय. मी तिला सांगितलं की. दिवाळीला माहेरी आली तेव्हाच सांगितलं. तवर बिचारी गोठ्यात बसून ते उघडून बघायची, इंग्रजी यायचं, कुनाला दाखवता येईना. चोरून चालायचं ना सगळं. मी म्हनलं, ताई, सरकारनं बंद केलंय. तर म्हनाली, सरकारला माझ्याशी काय करायचंय? मी त्यांचं नाव घेतलं आन् त्याच दिवशी बंद झालं. मेल्या मानसाचं नाव तोंडातून काढलं, पाप झालं, म्हनून त्या बाईंनी पाठ फिरवली. रोज जबाब द्यायच्या, त्याच दिवशी कसा नाही दिला?"

मुद्रिकाला बस आठवली, पदराखालचा फोन आठवला. नुसता अंगठा टेकवायचा होता.

"कशी हाय ती?" तिनं विचारलं खरं, पण अपेक्षा 'बघायची, चालायचं' असं बोलत होती ते तिच्या कानांनी केव्हाच टिपलं होतं.

"गेली. मागच्या साली. कावीळ झाली, अंगावर काढली." अपेक्षानं भाकरीचा तुकडा मोडला आणि परत ठेवला. "त्यानंतर तिनं दाजींचं नाव कधीच घेतलं नाही. पोराला शाळेत घालायला गेलो, तर बाईंनी ईचारलं, वडलांचं नाव काय? ही गप्प. बाईंना वाटलं मुकी हाय. मग मीच सांगितलं."

कँटीनमध्ये ताटांचा, खुर्च्यांचा गोंधळ चालला होता. मुद्रिका रडत होती आणि तिला ते लपवायचंही सुचत नव्हतं. एवढी वर्षं ती वासंतीला जिवंत धरून शोधत होती. वासंती मागच्या सालापर्यंत खरंच जिवंत होती, जालन्याहून एक बस पकडली असती तर पोचता आलं असतं अशा कुठल्यातरी गावात, त्या गावाचं नाव मुद्रिकानंच पुसायला लावलं होतं.

"बरोबर घेतलं होतं गं तिनं," ती म्हणाली. "लई चांगलं घेतलं होतं. मी जबाब जुळवला होता त्याच दिवशी. इथंच, लाइनवर."

"काय होता?"

मुद्रिकानं डोळे पुसले, पदर सारखा केला. भोवतीच्या बायका बघायला लागल्या होत्या. तिनं हळू आवाजात म्हटलं,

"वायरीला वायर जोडते, टेप मारते घट्ट,
अर्जुनरावांचं नाव घेऊन पुरवते वासंतीचा हट्ट."

अपेक्षानं तो मोडलेला तुकडा पुन्हा हातात घेतला.

"एवढंच होतं?" तिनं विचारलं.

"एवढंच," मुद्रिका म्हणाली.